ओरिजिनल, भंगार आणि अण्णांचा डबा

यंदाच्या मे महिन्यात एकाच आठवड्यात दोन फोन आले आणि दोन्ही फोननी माझं डोकं उठवलं.

पहिला दादाचा, पुण्याहून. "शनिवार पेठेतल्या खोलीचं एकदाचं बघ बाई. भाडेकरू यायचाय. अण्णांचं ते सगळं सामान भंगारवाल्याला देऊन टाक. किलोवर घेतो तो."

दुसरा त्याच्याच चिरंजीवांचा. आमचे भाचेबुवा इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेत आणि उरलेल्या वेळात (म्हणजे बहुतेक सगळा वेळ) गिटार वाजवतात. "आत्या, एक डिस्टॉर्शन पेडल मिळतोय. ओरिजिनल, सत्तरच्या दशकातला. बावीस हजार म्हणतोय. निम्मे उसने देशील का? बाबांना सांगू नकोस."

(सांगितलं. आता तर सगळ्यांनाच सांगितलं. सॉरी रे!)

त्या दिवशी दोघांनाही "बघू" म्हणून फोन ठेवला. पण रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या लक्षात आलं, की बापाला जे किलोवर द्यायचंय, तेच लेकाला बावीस हजारांना घ्यायचंय! अगदी तोच नग नव्हे, पण त्याच जातकुळीचे, त्याच काळातले सुटे भाग. एकाच घरात एकाच वेळी तीच वस्तू भंगारही होती आणि अनमोलही. आणि दोघांपैकी एकानेही ती उघडून पाहिलेली नव्हती.

तेव्हापासून हे लिहायचं होतं. दोघेही हा ब्लॉग वाचतात (असं म्हणतात तरी), म्हणून इथेच लिहिते. बाकीच्या मंडळींनीही आपापल्या घरात अशी एखादी खोली आहे का, ते आठवावं.

आधी वहिनीसाठी थोडं. कारण "हे पेडल पेडल म्हणजे सायकलचं का?" हा तिचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

इलेक्ट्रिक गिटारमधून फार बारीक सिग्नल निघतो. तो मोठा करायला अॅम्प्लिफायर लागतो. अॅम्प्लिफायरला त्याच्या कुवतीबाहेर मोठा करायला सांगितलं, की तो लाटेचे शेंडे कापतो. गोल लाट चपटी होते, आणि त्या कापाकापीतून मूळ सुरात नसलेले वरचे स्वर तयार होतात. कानाला ते खरखरीत, भरलेलं, जरा उर्मट असं काहीतरी लागतं. हेच डिस्टॉर्शन. पायाने दाबून हे मुद्दाम घडवून आणणारा डबा म्हणजे पेडल.

म्हणजे ज्याला आमचे अण्णा "सेट फाटतोय" म्हणायचे आणि दुरुस्त करून द्यायचे, ते बिघाड करून घ्यायला लोक पैसे मोजतात. :-)

आणि याचा उगम खरोखरच बिघाडातला आहे. १९५८ साली लिंक रे नावाच्या गिटारवाल्याने स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीने भोकं पाडली. १९६१ च्या सुमाराला अमेरिकेत नॅशव्हिलच्या स्टुडिओत मार्टी रॉबिन्सचं एक गाणं ध्वनिमुद्रित होत असताना मिक्सरच्या एका चॅनलचा ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि वाद्याचा सूर फाटून आला. ग्लेन स्नॉडी या इंजिनियरने तो फेकून दिला नाही. तो उघडून बघत बसला, नेमकं काय बिघडलं की असा आवाज येतो. त्यातूनच १९६२ साली माएस्ट्रो फझ-टोन हा पेडल बाजारात आला. तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि दीड व्होल्टचे दोन सेल. १९६५ साली रोलिंग स्टोन्सनी तो वापरला आणि मग सगळ्यांनाच तो हवासा झाला.

हे ऐकून कुणी म्हणेल, हे सगळं तिकडचं खूळ, आपल्याकडे सूर स्वच्छ लागतो. म्हणणाऱ्याने एकदा गाडीत बसून मिरजेला जावं, कराडपासून दोन तासांचं अंतर आहे. तिथे सतारमेकर गल्लीत तानपुऱ्याची जवारी लावताना बघावी. घोडी अशी घासतात की तार तिच्यावर एका बिंदूवर न टेकता निमुळत्या उतारावर हलकेच थडकत राहते. मग खाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधतात. त्या थडकण्यातून तारेचे वरचे स्वर जागे होतात आणि तानपुरा झंकारतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर निबंध लिहिला होता. तार जिथे छेडू तिथे ज्या स्वराचा स्थिर बिंदू येतो तो स्वर उमटू नये, असा पाश्चात्त्य भौतिकशास्त्राचा नियम. आपल्या तानपुऱ्यात आणि वीणेत तो उमटतो, हे रामननी दाखवलं. कारण घोडी.

जवारी काढून टाका, तानपुरा "स्वच्छ" होईल आणि कुणी ऐकणार नाही. म्हणजे सूर मुद्दाम आणि मोजून खरखरीत करणं ही कला आपल्या शेजारच्या गावात दीडशे वर्षं चालू आहे. फरक इतकाच की तिथे कानस आणि दोरा आहे, आणि भाच्याच्या डब्यात डायोड.

तर अण्णांच्या खोलीकडे येते.

अण्णांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान नातेवाईकांना माहीतच आहे. ब्लॉगवरच्या बाकीच्यांसाठी, आठ बाय दहाची खोली, एक टेबल, वर लोंबणारा दिवा आणि टेबलाच्या मागे खोक्यांचा डोंगर. दुरुस्त झालेला प्रत्येक सेट गिऱ्हाइकाला देण्याआधी सांगली केंद्र लावून बघायचे. माझं बालपण त्या टेबलाखाली गेलं. दहाव्या वर्षी मी सोल्डरिंग शिकले, आणि "मुलीच्या हाताला भाजेल" म्हणणाऱ्या आत्याआजीला अण्णांनी सांगितलं होतं, "भाजलं की कळेल तिला कुठे धरायचं ते."

खोली उघडली तर धूळ, वाळवी, फाटलेले स्पीकर, गंजलेले गँग कंडेन्सर. खरं सांगायचं तर बरंचसं भंगारच होतं. दादा पूर्ण चुकलेला नाही. पण टेबलाच्या खणात तो पत्र्याचा डबा सापडला. आत औषधाच्या पुड्या बांधतात तशा कागदाच्या पुड्या, आणि प्रत्येकीवर अण्णांच्या बारीक अक्षरात नंबर. एसी१२८. एसी१८७. एसी१८८. ओए७९. ही सगळी जर्मेनियमची पिलावळ. साठ-सत्तरच्या दशकात आपल्याकडच्या ट्रान्झिस्टर रेडिओत हेच भाग असत. ओए७९ हा काचेच्या नळीतला इवलासा डायोड रेडिओ लहरीतून आवाज वेगळा काढायचं काम करी.

मी भाच्याला फोन लावला. "अकरा हजार देत नाही. कोयना एक्सप्रेस धर आणि ये. येताना तपकीर गल्लीतून एवढं सामान आण." आणि यादी सांगितली.

तो आला, जरा फुरंगटलेलाच.

पहिले तीन दिवस आम्ही फझ फेस बनवायचा प्रयत्न केला. लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ साली काढलेला तो गोल पेडल. त्यात दोनच ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट. एवढ्यावर जग जिंकलं! अण्णांच्या पुडीतले दोन एसी१२८ लावले. सकाळी सातला असा आवाज आला की भाचेबुवा उडालेच. दुपारी दोनला तोच पेडल घसा बसल्यासारखा खाकरायला लागला. का? जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधून गळणारा करंट तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होतो. कराडच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत काय होणार? सगळा हिशोब घसरतो. साठच्या दशकाच्या अखेरीला पेडलवाले सिलिकॉनकडे वळले ते काही अरसिक होते म्हणून नव्हे. जुन्या जर्मेनियमच्या नावाने उसासे टाकणाऱ्यांनी हे एकदा दुपारी दोन वाजता अनुभवावं.

मग आम्ही त्याला हव्या असलेल्या पेडलकडेच वळलो. एमएक्सआर कंपनीचा डिस्टॉर्शन प्लस. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरच्या या कंपनीचा सत्तरच्या दशकातला पिवळा डबा. त्याचं सर्किट जगजाहीर आहे. ते भाच्यासमोर कागदावर काढलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

तो बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आत्या, हा तर नुसता नॉन-इन्व्हर्टिंग अॅम्प्लिफायर आणि पुढे डायोड क्लिपर आहे. हे आम्हाला सेकंड इयरला होतं."

"किती मार्काला?"

"पाच."

पाच मार्कांची दोन सर्किटं एकापुढे एक जोडली, त्याला पिवळा रंग दिला, पन्नास वर्षं थांबलं, की बावीस हजार!

आत काय आहे ते सांगते, कारण माझा सगळा वाद त्यावर उभा आहे. ७४१ हा ऑप-अॅम्प, १९६८ साली फेअरचाइल्ड कंपनीत डेव्ह फुलागर यांनी बनवलेला. आजही पंधरा रुपयांत मिळतो. फीडबॅकला १० लाख ओहमचा रेझिस्टर, खाली ४.७ किलो ओहम. पॉट पूर्ण फिरवला की सिग्नल सुमारे २१३ पट मोठा होतो. पण ७४१ हा तसा मंद प्राणी. इतकं मोठं करायला लावलं तर तो साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचं धड पोचवू शकत नाही. म्हणून आवाजाची किरकिर आपोआप गाळली जाते. ४.७ किलोच्या जोडीला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे, तो सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचे सूर कमी मोठे करतो. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची. तिचा चिखल होत नाही तो यामुळे. शेवटी दोन जर्मेनियम डायोड उलटसुलट जोडून जमिनीला. लाट ०.३ व्होल्टच्या आसपास गेली की ते वाहू लागतात आणि शेंडा कापला जातो. सिलिकॉनचा डायोड ०.६ च्या पुढे जातो आणि अचानक कापतो. जर्मेनियम हळूहळू, गोलाई ठेवून कापतो. झालं. एवढंच. याला "मोजो" म्हणतात.

मूळ डब्यात १एन२७० नावाचे डायोड आहेत. आम्ही अण्णांचे ओए७९ लावले. पुडीत चौदा होते. मल्टिमीटरवर एकेक तपासला, बारा चालू निघाले. ज्या माणसाने ती पुडी बांधली त्याला जाऊन नऊ वर्षं झाली.

खर्चाचा तपशील, दादासाठी: ७४१ दोन (एक जळाली) ३० रुपये, सॉकेट ५, रेझिस्टर सात ७, कपॅसिटर सहा २३, पॉट दोन ४०, जॅक दोन ६०, पायाने दाबायचा स्विच १५०, झिरो पीसीबी २०, बॅटरीचा क्लिप १०, बॅटरी ३०. एकूण ३७५ रुपये. डायोड अण्णांकडून. डबा बिस्किटांचा, आत सागाच्या फळीचा तुकडा, पायाने चेपू नये म्हणून.

एक आयसी का जळाली? भाच्याने कागदावरचं चित्र पीसीबीच्या उलट्या बाजूने तसंच उतरवलं. आरशातली प्रतिमा झाली, पाय उलटे लागले, ७४१ तव्यासारखी तापली. तिसऱ्या वर्षाच्या इंजिनियरला आयसी खालून बघितली की पाय उलटे मोजायचे असतात हे पंधरा रुपयांत कळलं. मी हसले नाही. (थोडं हसले.)

दुसऱ्या दिवशी आवाज आला, पण सोबत पन्नास हर्ट्झचा भुंगा. डबा पत्र्याचा होता खरा, पण जमिनीला जोडलेलाच नव्हता. जॅकच्या बाहेरच्या कडीपासून डब्याला एक तार लावली, भुंगा गेला.

आणि मग खरी परीक्षा. त्याच्या एका मित्राकडे त्याच नावाने आता विकला जाणारा नवा पेडल आहे. तो मित्र सुट्टीला कोल्हापूरला आला होता, त्याला बोलावलं. भाच्याने डोळे मिटले, मित्राने आलटूनपालटून दोन्ही वाजवले. भाच्याने दर वेळी आमचा ओळखला. "आपला गढूळ वाटतोय आत्या. खालचे सूर लोळतायत." आणि चेहऱ्यावर ते भाव, बघ, मी म्हणत नव्हतो? ओरिजिनल ते ओरिजिनल.

इथे बहुतेक लोक थांबतात. ओरिजिनलमध्ये काहीतरी असतं बुवा, म्हणून उसासा टाकतात आणि बावीस हजार मोजतात.

मी म्हटलं, उघड.

उघडला. भिंगातून एकेक भाग पाहिला. कपॅसिटरवर ४७३ हवं होतं, आम्ही लावला होता १०४. म्हणजे ०.०४७ च्या जागी ०.१. यादी फोनवर घेताना कुणाची चूक झाली यावर आमचे अजून मतभेद आहेत, पण गणित केलं तर ७२० हर्ट्झची मर्यादा ३४० वर आली होती. खालचे सूर लोळणारच! अण्णांच्या दुसऱ्या पुडीत ४७३ सापडला. बदलला, पुन्हा डोळे मिटवले. आता दहापैकी सहा वेळा बरोबर ओळखला, चार वेळा चुकला. नाणं उडवूनही जवळपास एवढंच जमतं. तरी आमच्यात थोडी जास्त सळसळ आहे, ते प्रामाणिकपणे सांगते. वायरिंग नवशिक्या हाताचं आहे.

आता भांडणाकडे येते. कारण हे सगळं सांगितल्यावर दोन्ही बाजूंनी जी उत्तरं आली, ती मला मुळीच मान्य नाहीत.

एक. "पण ही कॉपीच ना?" हे दादाचं. हो, कॉपी. पण कुणाची? डिस्टॉर्शन प्लसचं सर्किट आणि डीओडी कंपनीच्या २५० चं सर्किट शेजारी ठेव. डायोड सोडले तर जवळपास तेच. फझ फेस हा त्याआधीच्या टोन बेंडरचा सख्खा भाऊ. ओरिजिनल म्हणून ज्यांची पूजा चाललीय ते एकमेकांचे डबे उघडूनच शिकले. पेटंटचा हक्क आपल्याकडे वीस वर्षं, त्यानंतर ते ज्ञान सगळ्यांचं, हा कायद्याचाच सौदा आहे. नाव आणि चिन्ह मात्र ज्याचं त्याचं. आमच्या डब्यावर पिवळा रंग फासून एमएक्सआर लिहिलं असतं आणि कुणाला विकला असता, तर ती चोरी. ते मी भाच्याला करू दिलं नसतं. त्यावर बिस्किटांचंच चित्र आहे.

आणि दादा, तू कराडचा आहेस. स्टेशनला जाताना ओगलेवाडी लागते. ओगले बंधूंनी १९१६ साली तिथे काचेचा कारखाना काढला आणि परदेशी कंदिलांच्या बाजारात प्रभाकर कंदील उतरवला. आपल्या आजीच्या घरी तोच होता. परदेशी कंदील कुणी उघडून पाहिला नसता, काच का तडकते याचा विचार केला नसता, तर तो झाला असता? किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तो विलायती नांगर समोर ठेवून, आपल्या मातीत का चालत नाही ते बघून. मिरजेतले सतारमेकर तर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. सतारी दुरुस्त करता करता त्या बनवायला शिकले, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आज त्यांना कॉपी म्हणायची हिंमत कुणाची आहे? नुसती नक्कल आणि उघडून, समजून पुन्हा बनवणं यात फरक आहे. पहिल्याने हात रिकामाच राहतो. दुसऱ्याने पुढच्या वेळी ४७३ च्या जागी काय लावावं हे आपल्याला ठरवता येतं.

दोन. "तरी जुन्याची सर नाही." हे भाच्याच्या मित्रमंडळींचं. मला जुन्याबद्दल आकस नाही, जुन्याच दुकानात वाढलेय. राग आहे तो जुन्याच्या भोवती मुद्दाम लावलेल्या धुपाबद्दल. क्लॉन सेंटॉर नावाचा पेडल १९९४ ते २००८ या काळात बिल फिनेगन यांनी जवळजवळ एकट्याने बनवला. सगळे मिळून आठेक हजार. सर्किट दिसू नये म्हणून आत काळा इपॉक्सी ओतलेला. मग काय, आतले डायोड जादूचे, दुसरीकडे मिळतच नाहीत, अशा कहाण्या. किंमत लाखांत. शेवटी लोकांनी तो इपॉक्सी खरवडला, आणि आतून काय निघालं? ऑप-अॅम्प, रेझिस्टर, कपॅसिटर आणि जर्मेनियम डायोड. चांगलं, विचारपूर्वक केलेलं सर्किट आहे, फिनेगनना सलाम. २०२४ साली त्यांनी एका मोठ्या कंपनीवर दावा लावला तो नाव आणि रूप उचलल्याबद्दल, तोही रास्तच. पण जादू? जादू इपॉक्सीत होती. झाकलेल्या वस्तूची किंमत वाढते, एवढंच त्यातून सिद्ध झालं.

आणि नेमकं हेच आज सगळ्या वस्तूंचं झालंय. अण्णांच्या टेबलावर येणाऱ्या कित्येक रेडिओंच्या मागच्या झाकणात आतून सर्किटचा कागद चिकटवलेला असे. बनवणारा सांगत होता, बिघडलो तर असा दुरुस्त कर. आज फोनची बॅटरी बदलायची तर आधी हेअर ड्रायरने गोंद वितळवा. सरकारला २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढावं लागलं! ज्या हक्काची एकेकाळी झाकणात चिठ्ठी मिळायची, त्यासाठी आता पोर्टल.

तीन. "एवढा वेळ घालवलास, त्यात विकत आला असता." हे सगळ्यांचंच, आणि यात तथ्य आहे, म्हणून याला नीट उत्तर देते. हिशोब खरा आहे. नऊ दिवस गेले. माझी रजा, त्याची सुट्टी, जळलेली आयसी, एक भाजलेलं बोट. तेवढ्या दिवसांत त्याने कुठे काम करून काही हजार मिळवले असते. ज्याला उद्या स्टेजवर वाजवायचंय त्याने विकतच घ्यावा, मी काही प्रत्येकाने घरी गहू दळावा अशा मताची नाही.

पण हा मुलगा इलेक्ट्रॉनिक्स शिकतोय. तीन वर्षांची फी भरून झालीय. क्लिपरची आकृती त्याने परीक्षेत दोनदा काढली, पण क्लिप झालेली लाट कधी ऐकली नव्हती. सोल्डरिंग आयर्न पेनासारखं धरावं की हातोड्यासारखं हेही माहीत नव्हतं. त्या शिक्षणाला किती वेळ लागला हे कुणी विचारत नाही, आणि आत्याकडच्या नऊ दिवसांचा मात्र हिशोब मागतात! नऊ दिवसांत त्याला एक गोष्ट कळली. "कानाला गढूळ लागतंय" आणि "कपॅसिटर दुप्पट मोठा आहे" ही एकच गोष्ट आहे, दोन भाषांत सांगितलेली. हे ज्याला कळलं त्याला उद्या कुणी इपॉक्सी दाखवून फसवू शकणार नाही. पेडलमध्येही नाही आणि इतर कशातही नाही. हे बावीस हजारांत कुठे मिळतं ते मला सांगा, मी स्वतः जाऊन आणते.

जाता जाता अण्णांबद्दल एक. त्यांना लोक "रेडिओवाला" म्हणायचे, जरा खालच्या सुरात. लग्नाच्या पंगतीत इंजिनियर पाहुण्यांना पहिल्या ओळीत, अण्णांना तिसऱ्या. आपल्याच नात्यातल्या लग्नात, आठवतंय ना? त्याच इंजिनियरांचे सेट बिघडले की संध्याकाळी मागच्या दाराने दुकानात यायचे. हाताने काम करणाऱ्याला आपण ज्ञानी म्हणत नाही, आणि ज्ञानी म्हणवणारा हात लावत नाही, हा आपला जुना रोग आहे. भाचा त्या नऊ दिवसांत त्यातून थोडा बरा झाला असावा. परवा फोनवर सांगत होता, कॉलेजमधले तिघे जण विचारतायत, आम्हालाही बनवून देशील का. मी म्हटलं, देऊ नकोस, त्यांना आयर्न दे.

असो. फार झालं. आता दादा, तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर.

खोली रिकामी झालीय, भाडेकरूला एक तारखेपासून येऊ दे. फाटके स्पीकर, गंजके चासी, जळके ट्रान्सफॉर्मर सगळं भंगारवाल्याला दिलं. तांब्याचे बरे पैसे आले, तुझा निम्मा वाटा वहिनीकडे पाठवलाय. पत्र्याचा डबा मात्र दिलेला नाही आणि देणारही नाही. त्यात अजून दहा ओए७९ आहेत, काही एसी१८७-१८८ च्या जोड्या, आणि तळाशी अण्णांची वही, कुठल्या गिऱ्हाइकाचा कुठला सेट कशाने बिघडला होता त्याची. १९७४ पासूनची. ती मी सध्या वाचतेय, त्यावर नंतर कधीतरी लिहीन.

डब्यावर तुझा हक्क आहेच. न्यायचा असेल तर ये, पण मग इथे बसून एक सर्किट जोडून दाखवायचं. आयर्न गरम करून ठेवते.